वाघबीळचा चढ आणि 52 हजारांचा ग्रुपसेट

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. मी फुलेवाडीत राहतो, एमआयडीसीत नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी शिमानो क्लॅरिसची, मागे आठ आणि पुढे दोन गिअरची रोडबाईक 34 हजारांना घेतली. रोज सकाळी बालिंगा-कळे बाजूला जातो, रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा. मीटरवर साडेनऊ हजार किलोमीटर झालेत आणि चेन अजून कंपनीचीच आहे. दोन महिन्यांपासून बालिंग्याच्या पुढं सपाटीला उभं राहून जोर लावला की चेन खाडकन उडते. एकदा गुडघा हँडलवर आपटला. शिवाय वाघबीळच्या चढाला शेवटचा गिअर टाकूनही पाय मोकळे फिरत नाहीत, रेटावं लागतं. दुकानात दाखवली तर म्हणाले, "सगळी ड्राइव्हट्रेन, म्हणजे चेन-गिअरचं सगळं, गेलीय. नुसती चेन आणि कॅसेट, म्हणजे मागची दातेरी चक्रं, टाकली तर चार हजार जातील आणि सायकल जुनी ती जुनीच. त्यापेक्षा शिमानोचा 105 ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा वरच्या मालिकेचा पूर्ण संच, बसवा, 52 हजारांत नवी सायकल. मागचं चाकही बदलावं लागेल, त्याचे वेगळे." आमच्या ग्रुपमध्ये बहुतेकांकडं 105 आहे, आठ गिअरला हसतात. यंदा हिवाळ्यात 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. बायको म्हणते, चार हजारांत भागतंय तर 52 कशाला? तुमचं मत काय? आणि पुढची चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळचं दातेरी चक्र, आपल्या उद्यमनगरात लेथवर करून मिळेल का?

– एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर :

वहिनींचं बरोबर आहे. चार हजारांतच भागेल, थोडं इकडंतिकडं. फक्त ते चार हजार दुकानदाराच्या डोक्यानं न घालवता आपल्या डोक्यानं घालवायचे.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि दुकानात त्या एकाच बिलात बसवल्या गेल्यात. चेन उडते ही झीज आहे. वाघबीळला पाय फिरत नाहीत, तो दातांचा हिशोब आहे. त्याचा झिजण्याशी काही संबंध नाही. सायकल कोरी होती तेव्हाही तिथं तुम्ही रेटतच चढला असणार, नव्याच्या आनंदात जाणवलं नसेल एवढंच. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की 105 चा प्रश्न निम्मा तिथंच निकालात निघतो.

आधी झीज. कुणाच्या शब्दावर जाऊ नका, दुकानाच्याही नाही आणि माझ्याही नाही. 12 इंची पोलादी पट्टी घ्या. चेन सायकलवरच असू दे, पॅडल हलकं दाबून खालची नाही, वरची बाजू ताणलेली ठेवा. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा. सायकलच्या चेनमध्ये पिनेपासून पिनेचं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, त्यामुळं 12 इंचाच्या खुणेवर तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य यायला पाहिजे. ती पिन खुणेच्या पुढं दीड मिलिमीटर सरकली असेल तर झीज अर्धा टक्का. तीन मिलिमीटर सरकली असेल तर एक टक्का, आणि मग विषय संपला. अकरा-बारा गिअरची चेन अर्ध्या टक्क्यालाच उतरवतात. तुमच्या आठ गिअरवाल्याला पाऊण टक्क्यापर्यंत सवलत असते.

चेन मुळात ताणली जात नाही. प्रत्येक पिनेभोवतीचा पोलाद आतून घासला जातो, शंभरेक जागी केसभर मोकळीक वाढते आणि ती सगळी मिळून चेन लांब होते. लांब झालेली चेन कॅसेटच्या दाताच्या तळाशी बसत नाही, वर वर चढून बसते, आणि दात आपल्यासारखे घासून घेते. म्हणून चेन वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात. तुम्ही साडेनऊ हजार किलोमीटर एकाच चेनवर काढलेत, तेही चार पावसाळे आणि चार ऊस हंगाम. माझा अंदाज, पट्टीवर तीन मिलिमीटर किंवा जास्तच दिसेल. तसं असेल तर नुसती चेन घालून चालणार नाही. नवी चेन त्या खाल्लेल्या दातांवर आजच्यापेक्षा जास्त उडेल. चेन आणि कॅसेट जोडीनंच जायला हवी. एवढ्यापुरतं दुकानदार खरं बोलला.

पण पट्टी लावायच्या आधी, उडण्याचं कारण खरंच झीजच आहे ना, तेही बघा. तुमच्या पत्रातच एक चांगला पुरावा आहे: सपाटीला उडते, पण चढाला उडते असं तुम्ही लिहिलेलं नाही. सपाटीला तुम्ही बहुधा मागच्या 15 किंवा 17 दातांच्या चक्रावर असता. चेन कॅसेटला साधारण अर्धा वेढा घालते, म्हणजे 15 च्या चक्रावर तुमचं सगळं वजन सात-आठ दातांवर येतं, आणि चार वर्षांतली बहुतेक किलोमीटरंही त्याच दोन-तीन चक्रांवर झालेली असतात. 28 च्या मोठ्या चक्रावर चौदाएक दात भार वाटून घेतात आणि ते वापरात येतं फक्त रविवारी. त्यामुळं जोर लावल्यावर ठरावीक दोन-तीन चक्रांवरच उडत असेल तर ती झीज, डोळे झाकून. सगळ्याच गिअरवर अडखळत असेल, गिअर टाकल्यावर उशिरा बसत असेल, तर केबल गंजलीय किंवा सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडून हँगर वाकलाय, म्हणजे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा भाग) ज्याला लटकतो तो तुकडा. आणि जोर न लावताही ठरावीक अंतरानं टक् असं होत असेल तर एखादी कडी आखडलीय. 108 कड्यांची चेन आणि पुढची 34 ची चेनरिंग धरली तर ती कडी पॅडलच्या तीनेक फेऱ्यांनी परत येते. सायकल उलटी करून हळू पॅडल फिरवा, डिरेलरच्या खालच्या चाकाशी ती कडी वळताना उडी मारते, दिसतेच. पिनेवर तेलाचा थेंब टाकून आडवी हलवली की बहुतेक वेळा सुटते.

आता एक सावधगिरी. दुकानात तुम्हाला कॅसेट हातात देऊन म्हणतील, "हे बघा, दात कसे तुटलेत." शिमानोच्या कॅसेटवर आणि चेनरिंगवर काही दात मुद्दाम बुटके, काही तिरपे कापलेले असतात. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर चढावी म्हणून ते कारखान्यातूनच तसे येतात. झीज ओळखायची असेल तर शेजारशेजारच्या सारख्या दातांमधल्या खाचेकडं बघा. नवीन खाच दोन्ही बाजूंनी सारखी गोल असते. झिजलेली खाच एका बाजूला लांबते आणि दात पुढं झुकल्यासारखा, टोकदार दिसायला लागतो.

चेनरिंगचं उत्तर त्यातच आलं. उद्यमनगरात काय होत नाही! डिझेल इंजिनापासून साखर कारखान्याच्या सुट्या भागांपर्यंत सगळं केलंय त्या लोकांनी, तुमची चेनरिंगही करून देतील. दात पडतील, चेन बसेलही. पण 34 वरून 50 वर चेन उचलून घेणारे ते तिरपे दात आणि आतल्या अंगाच्या पिना लेथवर उतरणार नाहीत, आणि पुढचा गिअर बदलताना रोज शिव्या घालाल. उद्यमनगरचा उपयोग दुसऱ्या एका कामाला आहे, तो पुढं सांगतो. मुळात चेनरिंग बदलायची गरज आहे का तेच अजून ठरलेलं नाही. 50 दातांवर झीज वाटली जाते, म्हणून चेनरिंग कॅसेटपेक्षा खूप जास्त टिकते. पुढच्या टोकाशी, पॅडल समोर येतं तिथं, चेन चिमटीत धरून पुढं ओढा. जुन्या चेनवर ती उचलली जाणारच, त्यावरून निर्णय घेऊ नका. नवी चेन घालून हाच प्रयोग करा. नवी चेन चेनरिंगला चिकटून बसत असेल आणि उभं राहून जोर लावल्यावर पुढं उडत नसेल, तर तिला हात लावू नका. दुकानाला आधीच सांगून ठेवा, "चेनरिंगचं नंतर बघू." नंतर लागलीच तर क्लॅरिसच्या तुमच्या मालिकेची चार बाहूंचीच मागवा. पाच बाहूंची जुनी चेनरिंग कुणी स्वस्तात देत असेल तर ती बसणार नाही.

डिरेलरची दोन छोटी चाकं मात्र बघून घ्या, ती सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. दात सुईसारखे झाले असतील तर बदला, फार पैसे लागत नाहीत. बसवताना वरचं वर आणि खालचं खाली. वरच्या चाकाला आडवी थोडी हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, ती झीज समजू नये. आणि केबल व तिचं आउटर (बाहेरची नळी) दोन्ही नवं टाका. चार वर्षांच्या केबलवर नवीन कॅसेट बसवून गिअर नीट पडत नाहीत म्हणणारे लोक मग क्लॅरिसला नावं ठेवतात. तुम्ही जो 105 चा "मऊ" गिअर मित्रांच्या सायकलवर अनुभवला असेल त्यातला बराचसा मऊपणा नव्या केबलचा असतो. हँडलची टेप त्यासाठी सोडावी लागेल, तर टेपही नवी. रंग तुमच्या आवडीचा. तेवढी हौस या चार हजारांत बसते.

आता वाघबीळ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण दुकानदारानं नेमकं हेच सांगितलेलं नाही.

तुमच्या सायकलवर बहुधा पुढं 50-34 आणि मागं 11 ते 28 (11-28) दात आहेत. सर्वांत हलका गिअर म्हणजे पुढं 34, मागं 28. पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक 1.21 वेळा फिरतं, सायकल अडीच मीटर पुढं जाते. मिनिटाला 60 फेऱ्या, म्हणजे अगदी आरामातली गती, ठेवायची तर ताशी सव्वानऊ किलोमीटरचा वेग पाहिजे. वाघबीळच्या तीव्र भागात तुमचा वेग साडेसातवर आला की पाय 49 वर येतात, आणि तिथून गुडघ्यावर भार पडायला लागतो. मागं 32 असेल तर त्याच 60 फेऱ्यांना ताशी आठचा वेग पुरतो. 34 असेल तर साडेसात. म्हणजे आज जिथं तुम्ही 49 वर रेटताय तिथं 34 च्या चक्रावर पाय 60 नं फिरतील. ताकद तेवढीच, वेग तोच, चढ तोच.

तर मग चेन-कॅसेट बदलायचीच आहे, तर परत 11-28 का घालायची? आठ गिअरमध्ये 11-32 आणि 11-34 च्या कॅसेट मिळतात आणि किमतीत म्हणावा असा फरक नसतो. ज्याला तुम्ही अपग्रेड म्हणताय त्यातला तुमच्या गुडघ्याला लागणारा सगळा भाग झिजलेला सुटा भाग बदलतानाच, जवळपास फुकटात, मिळतोय.

याची किंमत काय ती सांगतो, कारण ती आहे. 11-28 मध्ये मधली चक्रं 15-17-19-21 अशी दोन-दोन दातांनी जातात. मोठ्या कॅसेटमध्ये तेवढ्याच आठ चक्रांना जास्त पल्ला गाठायचा, म्हणून मधल्या उड्या मोठ्या होतात. 34 वाल्या काही कॅसेटमध्ये तर शेवटची उडीच एकदम मोठी असते. ग्रुपबरोबर सपाटीला जाताना कधी एक गिअर जड आणि दुसरा हलका, अशी चुटपूट लागेल. मला विचाराल तर 32 घ्या. बीआरएमला 150 किलोमीटर झाल्यावर लागणारा चढ डोळ्यासमोर येत असेल, किंवा गुडघा आधीच कुरकुरत असेल, तर 34. बालिंग्याच्या सपाटीचं कौतुक कुणाला.

बसतं का, हे आधी बघायचं. मागच्या डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो. पुढं जीएस असेल तर तो लांब पिंजऱ्याचा, म्हणजे दोन छोटी चाकं धरणारा भाग लांब असलेला. क्लॅरिसच्या आर2000 मालिकेतला जीएस 34 दातांपर्यंत जातो. एसएस असेल तर तो आखूड. मग त्या नंबरचा शिमानोचा तक्ता उघडून सर्वांत मोठं चक्र किती चालतं ते वाचा आणि त्याच्या आतच राहा. आखूड असला आणि तुम्हाला 34 च हवं असेल, तरी जीएस डिरेलर एकटा घेता येतो. 105 पासून अजून फार लांब आहोत आपण.

मोठी कॅसेट घालताना एक चूक हमखास होते आणि ती दुकानातच होते: नवी चेन जुनीच्या शेजारी लटकवून तेवढीच कापतात. जुनी चेन 28 साठी कापलेली आहे. 32 किंवा 34 ला ती आखूड पडते, आणि चुकून पुढं मोठी, मागं मोठं चक्र पडलं तर डिरेलर ओढून मोडतो. चेन डिरेलरमधून न नेता थेट पुढच्या 50 आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर गुंडाळायची, जिथं दोन टोकं भेटतात त्यापुढं एक इंच जास्त ठेवून कापायची. कापताना समोर उभे राहा. कॅसेट जागेवर धरणारी लॉकरिंगही नुसती हातानं कचकन आवळून सोडू नये, तिला साधारण 40 न्यूटन-मीटर लागतात. पान्यावर जोर दिल्यावर टकटक आवाज करत बसते, तो आवाज ऐका. चेन जोडायला क्विक लिंक मागा. आठ गिअरची क्विक लिंक काढून परत घालता येते, आणि चेन धुवायला उतरवायची म्हटल्यावर ती फार उपयोगी पडते.

कॅसेट उतरली की मागच्या हबची फ्रीहब बॉडी, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, उघडी पडते. तिचा एक फोटो काढून ठेवा आणि कॅसेटच्या मागं एखादी पातळ रिंग निघाली का ते बघा. कारण आता "मागचं चाकही बदलावं लागेल" या वाक्याकडं येतो.

शिमानोच्या रोडबाईकची 8, 9 आणि 10 गिअरची फ्रीहब बॉडी एकाच लांबीची असते. 11 गिअरची 1.85 मिलिमीटरनं लांब. म्हणून जुन्या चाकावर नेहमीची 11 गिअरची रोड कॅसेट बसत नाही, हे खरं. पण हल्ली बऱ्याच कंपन्या आठ गिअरच्या सायकलवरही लांब बॉडीचं चाक देतात आणि मागं 1.85 ची रिंग घालून जागा भरतात. तुमच्या कॅसेटमागून ती रिंग निघाली तर चाक आधीच 11 च्या लायकीचं आहे. (ती रिंग हरवली तर मात्र उद्यमनगरात जा. हे त्यांचं काम, कुठलाही लेथवाला चहा होईपर्यंत करून देईल.) रिंग नाही निघाली, तरीही वाट आहे: शिमानोच्या 11 गिअरच्या 11-34 च्या एचजी700 आणि एचजी800 या कॅसेट जुन्या, आखूड बॉडीवरच बसतात. मागचं मोठं चक्र आतल्या बाजूला कलतं ठेवून त्यांनी ती जागा काढलीय. चाकाची गरज सांगणाऱ्याला एवढं विचारलंत तरी समोरच्या माणसाचा सूर बदलेल.

दुसरं विचारा: 52 हजारांचं 105 कोणतं? 11 गिअरची आर7000 मालिका 2018 ची. 2022 मध्ये 105 बारा गिअरवर गेली, आधी इलेक्ट्रॉनिक, आणि 2023 मध्ये केबलवाली. त्या दोन पिढ्यांचे भाग एकमेकांत मिसळत नाहीत. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं: त्यात कॅसेट कोणती? 105 मध्ये पुढं 50-34 आणि मागं 11-28 आली, तर तुमचा सर्वांत हलका गिअर आज आहे तोच राहतो, दाताला दात. 52 हजार देऊन वाघबीळला तुम्ही त्याच 49 फेऱ्यांवर रेटत असाल, फक्त शिफ्टरचा आवाज गोड येईल. तुमच्यावर हसणाऱ्या मित्रांपैकी कितीजणांच्या मागं 28 आहे ते पुढच्या रविवारी मोजा. तुम्ही 34 घेऊन गेलात तर चढाला त्या सगळ्यांपेक्षा हलका गिअर तुमच्याकडं असेल.

105 ला मी नावं ठेवत नाही. गिअर नेमके पडतात, ब्रेक चांगले, वजन कमी, आणि मधल्या उड्या बारीक असल्यामुळं वेगात जाणाऱ्या ग्रुपमध्ये खरोखर फरक पडतो. शर्यतीत उतरणाऱ्याला मी आठ गिअरवर राहा असं सांगणार नाही. पण 34 हजारांच्या सायकलवर 52 हजारांचं सामान म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि ते कोल्हापुरात सुद्धा जास्तच होतं. तेवढ्या पैशात थोडे अजून घालून चांगल्या फ्रेमची, मुळातच 105 असलेली वापरलेली सायकल मिळू शकते, आणि ही घरात पावसाळ्यासाठी राहते. हौस असेल तर तसं उघड म्हणा, वहिनींनाही तसंच सांगा. हौसेला मोल नाही. पण झिजलेल्या चेनच्या नावावर ती हौस खपवू नका, घरात पकडले जाल.

खरा अपग्रेडचा विचार करायची वेळ माझ्या मते एकच: शिफ्टर मोडला की. ब्रेक आणि गिअर एकत्र असलेला तो मुठीतला भाग दुरुस्त होणं अवघड आणि बदलायला महाग. तो गेला तर सगळा हिशोब नव्यानं मांडा. तेव्हाही 105 च पाहिजे असं नाही. शिमानोच्याच सोरा मालिकेचे 9 गिअरचे शिफ्टर घेतले तर केबल ओढायचं प्रमाण क्लॅरिससारखंच असल्यामुळं मागचा डिरेलर तोच चालतो, फ्रीहब बॉडीही तीच, फक्त कॅसेट आणि चेन 9 ची घ्यायची. शिमानोच्याच टियाग्राच्या 4700 मालिकेवर, म्हणजे 10 गिअरवर गेलात की ओढ बदलते आणि डिरेलरही बदलावा लागतो. म्हणजे 8 वरून 9 हा ओटा, 10 पासून पुढं जिना.

आणि 48 हजार वाचल्यावर हाताला फारच खाज सुटली, तर ब्रेक पॅड नवे टाका. पन्हाळ्यावरून पावसात खाली येताना गिअर किती आहेत हे कुणी मोजत नाही. चिखल रिमवर घासून रिमही खातो. रिमवर बोट आडवं फिरवा, खोलगट लागली तर मिस्त्रीला दाखवा. मग चांगले टायर. त्यानंतरही उरले तर गादीची सायकलची चड्डी. 200 किलोमीटरला बसायचंय त्यावर.

पुढच्या वेळी साडेनऊ हजार थांबू नका. दर महिन्याला एकदा पट्टी लावा, दोन मिनिटांचं काम आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस, आणि पावसाळा संपून रस्ते वाळतात न वाळतात तोवर ऊसतोड सुरू. बालिंगा-कळे रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेला काळा चिखल, त्यावर मळीचा चिकटपणा, आणि चेनवर तुम्ही प्रेमानं ओतलेलं जाड तेल. तिघांचं मिळून जे काळं मलम तयार होतं ते व्हॉल्व्ह ग्राइंडिंगच्या पेस्टसारखंच काम करतं. म्हणून तेल कमी, पुसणं जास्त. तेल रात्री घाला, प्रत्येक रोलरवर एक थेंब, सकाळी निघायच्या आधी फडक्यानं चेन कोरडी दिसेपर्यंत पुसा. बाहेरून दिसणारं तेल फक्त धूळ धरतं, लागतं ते आत. पावसात भिजून आलात तर आंघोळीच्या आधी चेन पुसायची. इंजिनाचं जुनं ऑइल घालायचं नाही, कितीही फुकट मिळालं तरी.

बीआरएमला 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी पंधराच्या आतच. आठ गिअरवर ते आरामात होतं. उलट वाटेत चेन तुटली तर आठ गिअरची चेन तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळायची शक्यता जास्त, कारण साध्या गिअरच्या सायकलींनाही तीच लागते. जादा क्विक लिंक आणि छोटा चेन-कटर पिशवीत ठेवा.

नवीन सामान बीआरएमच्या आदल्या आठवड्यात बसवू नका, निदान तीन आठवडे आधी बसवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत केबल आपल्या जागी बसते आणि गिअर मोठ्या चक्राकडं चढायला कुरकुर करतात. डिरेलरमागचा केबलचा गोल स्क्रू डावीकडं, घड्याळाच्या उलट, अर्धा-अर्धा फेरा सोडत जा, आवाज थांबेल. मग एका रविवारी केर्लीच्या फाट्यावरून जोतिबाला घाला, पुढच्या 34 च्या चेनरिंगवर मुद्दाम उभं राहून जोर लावा. तिथं चेन गप्प राहिली की बीआरएमचा फॉर्म भरा.